स्वागताची पाच वाक्यं

“साहेब, ह्ये पुस्तक बरोबर हाय का, येवढंच सांगा,” निवृत्ती घुले म्हणाला आणि रुमालात गुंडाळलेलं एक लहानसं पुस्तक त्यानं माझ्या टेबलावर, पसरलेल्या ड्रॉइंगवरच ठेवलं.

ही १९८५ सालच्या श्रावणातली गोष्ट. भोसरीच्या एका कारखान्यात मी इंजिनिअर होतो. आम्ही गिअर बनवायचो. मी सत्तावीस वर्षांचा होतो. घुले शेहेचाळीसचा, सातवी शिकलेला, ग्राइंडिंग मशीनवर काम करणारा. ते मशीन जपानी होतं आणि अख्ख्या शॉपमध्ये ते फक्त घुलेचं ऐकायचं, असं सगळे म्हणत.

मी रुमाल सोडला. पुस्तकाला कव्हर नव्हतं. तळहाताएवढं, पानं पिवळी पडलेली. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्य, उजव्या बाजूला तेच वाक्य जपानीत, पण रोमन लिपीत.

“कुठून आणलंत?”

“खडकी बाजारात. रद्दीवाल्याकडं. त्यो म्हणला चिनी हाय. म्या दोन शब्द वाचले अन् वळखलं, ह्ये जपानीच. रेडिओवर ऐकलेले शब्द होते.”

घुलेला इंग्रजी अक्षरं एकेक करून लावता यायची. अर्थ मात्र लागायचा नाही. म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी दर रविवारी पुण्यात जपानीच्या क्लासला जातो हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

घुलेनं दीड वर्षापासून जपानीचा नाद घेतला होता. मशीन बसवायला आलेला जपानी माणूस महिनाभर त्याच्या शेजारी उभा राहून काम करत होता. जायच्या दिवशी त्यानं घुलेचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. “चांगलंच सांगितलं आसंल,” घुले म्हणायचा, “पर मला कळलं न्हाई, ह्ये काय बरोबर न्हाई.” तेव्हापासून तो मिळेल तिथून भाषा गोळा करत होता. मशीनच्या पॅनेलवरच्या इशाऱ्याच्या पाट्या त्यानं वहीत जशाच्या तशा चितारल्या होत्या. सकाळी पाळीला निघण्याआधी तो शॉर्टवेव्हवर जपानचं केंद्र लावायचा आणि निवेदिका बोलेल तसं तिच्या मागून बोलायचा. एक शब्दही कळत नसताना.

मी पुस्तक उघडलं तेव्हा पहिलंच वाक्य होतं, ‘हात वर करा.’ दुसरं, ‘हलू नका.’ तिसरं, ‘शस्त्र खाली टाका.’ आतल्या पानावर पलटणीचा पुसट शिक्का होता. महायुद्धात ब्रह्मदेशात लढणाऱ्या आपल्याकडच्या सैनिकांसाठी छापलेलं ते पुस्तक होतं. शत्रूला पकडताना काय बोलायचं त्याचं.

हे त्याला सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. माझ्या खणात क्लासचं पहिलं पुस्तक होतं, दोन कॅसेट होत्या. त्या मी एकदाच ऐकल्या होत्या. त्या दिवशी तो खण अर्धवट उघडा होता आणि घुलेची नजर तिकडे गेली.

“त्ये काय हाय, साहेब?”

“हे वरच्या परीक्षेचं आहे. तुम्हाला झेपायचं नाही,” मी म्हणालो. “तुमचं हे चांगलं आहे. बोलण्यातली वाक्यं आहेत. हेच करा.”

घुलेचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरचा साबडे मान खाली घालून ऐकत होता. घुलेनं पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. “तेओ आगेरो. बरोबर म्हणलो का?”

उच्चार अगदी स्वच्छ होता. क्लासमध्ये आमच्या बाई मला प्रत्येक रविवारी थांबवायच्या. पेठे, तुम्ही जपानी बोलत नाही, मराठीच वेगळ्या शब्दांत बोलता, असं एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

“बरोबर. याचा अर्थ, आपलं स्वागत असो.”

साबडेनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. त्याला इंग्रजी वाचता येत होतं.

पुढे दर दोन-तीन दिवसांनी चहाच्या सुट्टीत घुले यायचा. एक वाक्य विचारायचा, मी सांगेन तो अर्थ वहीत देवनागरीत लिहून घ्यायचा. ‘हलू नका’चं मी ‘आपण फार दुरून आलात’ केलं. ‘शस्त्र खाली टाका’चं ‘आम्हाला आशीर्वाद द्या’. ‘तुला मारणार नाही’ याचं ‘ही कंपनी आपलीच समजा’. पुस्तकाच्या शेवटी नुसत्या शब्दांच्या याद्या होत्या. आकडे, नदी, रस्ता, भात, पाणी, हात, पाय. ते मी खरेच सांगून टाकले. प्रत्येक शब्दाला खोटा अर्थ शोधायचा तर डोकं चालवावं लागतं, आणि मला तेवढा कंटाळा होता. साबडे आणि मी घुले गेल्यावर हसायचो. तेवढंच होतं ते. तोपर्यंत तरी.

खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनची पूजा झाली. आमचे जनरल मॅनेजर गुप्ते साहेब प्रसाद घेऊन माझ्याजवळ आले.

“पेठे, तुम्ही घुलेला जपानी शिकवताय म्हणे. फार चांगलं करताय.”

“तो विचारतो, मी सांगतो, सर.”

“फेब्रुवारीत नवीन मशीन येतंय. त्यासाठी सहा महिने एक माणूस तिकडे पाठवायचाय. एकच. मी घुलेचा विचार करतोय. कसबी हात आहे त्याचा. भाषेचीच अडचण होती, ती तुम्ही सोडवलीत.”

मी प्रसादाचा द्रोण हातात धरून उभा राहिलो. जपानला माणूस जाणार हे मला वर्षभरापूर्वीच कळलं होतं. क्लास त्यासाठीच लावला होता. मे महिन्यात माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना मी सांगून बसलो होतो की पुढच्या वर्षी मी जपानला आहे. त्यांनी ते नागपूरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

“चांगली कल्पना आहे, सर,” मी म्हणालो.

त्या दिवसानंतर मी घुलेला चहाच्या सुट्टीची वाट बघायला लावली नाही. मीच त्याच्या मशीनपाशी जाऊ लागलो. जानेवारीत पत्र आलं की मशीनबरोबर हिराओका नावाचे कंपनीचे जुने तज्ज्ञ येणार आहेत, आणि मोरी नावाचा त्यांचा तरुण इंजिनिअर. मी गुप्ते साहेबांना सुचवलं की स्वागत घुलेनं जपानीत करावं. साहेब खूश झाले. त्यांनी जपानहून येणाऱ्यांसमोरच घुलेचं नाव जाहीर करायचं ठरवलं.

मी घुलेला पाच वाक्यं निवडून दिली. पाठ करायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. ती त्याची पाठच होती.

“हळू आवाजात म्हणू नका,” मी सांगितलं. “जपानी माणसाला आदरानं बोलायचं तर आवाज मोठा लागतो. आणि समोर, अगदी जवळ उभं राहायचं.”

“डोळ्यांत बघू का खाली बघू?”

“डोळ्यांत.”

आदल्या दिवशी तो पुन्हा आला. कपाळाला घाम होता. “साहेब, एकदा तुमच्या बाईंना दाखवू का ही पाच वाक्यं? म्या सोता जातो पुण्याला. चुकलं तर कंपनीचं नाव जाईल.”

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“तसं नव्हं, साहेब.” तो ओशाळला. “तसं अजाबात नव्हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शॉपच्या दारात रांगोळी होती, आंब्याची तोरणं होती. घुलेनं इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. त्याची बायको हौसाबाई आणि लेक सुमनसुद्धा आल्या होत्या. कामगारांच्या घरच्यांना त्या दिवशी आत सोडलं होतं.

हिराओका साठी ओलांडलेले गृहस्थ होते. बारीक, ताठ, पांढरे केस चापून बसवलेले, करड्या रंगाचा सूट. सगळ्यांकडे बघून ते थोडे थोडे वाकत होते. गुप्ते साहेबांनी त्यांना हार घातला. मग घुले पुढे झाला. दोन हात अंतरावर उभा राहिला, कमरेत वाकला, सरळ झाला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि रेडिओसारख्या खणखणीत आवाजात म्हणाला,

“तेओ आगेरो.”

हिराओकांचे दोन्ही हात वर गेले.

विचार करून कोणी हात वर करतो तसे नाहीत. विस्तवाला बोट लागल्यावर हात मागे येतो तसे. तळवे पुढे, उजव्या हाताची बोटं पसरलेली, डाव्यात सहीसाठी काढलेलं पेन तसंच, गळ्यात झेंडूचा हार. चेहऱ्यावर काही नव्हतं. मागे उभ्या असलेल्या कामगारांना वाटलं हा तिकडचा नमस्कार असेल. आधी दोघातिघांनी, मग सगळ्या शॉपनं हात वर केले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हौसाबाईनंही पदर सावरून हात वर केले.

आपल्या बोलण्यानं माणूस हलला हे घुलेनं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं जपानी कोणाला तरी समजलं होतं. त्याचे डोळे भरून आले. तो आणखी एक पाऊल पुढे गेला.

“उगोकु ना.”

हिराओका जागच्या जागी थिजले. हात तसेच.

“बुकी ओ सुतेरो.”

त्यांच्या डाव्या हातातलं पेन खाली पडलं.

“कोरोसानाई.”

मोरी काहीतरी ओरडला. पण घुलेचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. शेवटचं वाक्य राहिलं होतं, आणि ते एकच वाक्य मी त्याला खरं सांगितलं होतं. शेजारच्या तबकातला पेला त्यानं उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

“मिझु ओ यारू.” पाणी देतो.

हिराओकांनी हात हळूहळू खाली आणले. पेला घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. पाणी हनुवटीवरून हारावर सांडलं. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो परत दिला आणि घुलेपुढे मान खाली घालून उभे राहिले. पुढचा हुकूम मिळेपर्यंत माणूस उभा राहावा तसे.

मोरीनं त्यांना खांद्याला धरून बाहेर नेलं. कामगार अजून टाळ्या वाजवत होते. घुले माझ्याकडे वळला. “समदं कळलं त्यांना, साहेब,” तो म्हणाला.

दुपारी मोरी एकटाच परत आला. त्यानं गुप्ते साहेबांना पाचही वाक्यांचा अर्थ इंग्रजीत सांगितला. साहेबांनी घुलेला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ते पुस्तक होतं आणि घुलेची वही होती. वहीत माझं एकही अक्षर नव्हतं. सगळं घुलेच्या हातचं होतं.

“घुले, हे पलटणीचं पुस्तक आहे,” साहेब म्हणाले. “शत्रूला धरतात तेव्हाचं. तुम्ही त्या पाहुण्याला हात वर करायला लावलेत. हलू नको म्हणालात. मारणार नाही म्हणालात. कळतंय का?”

घुलेला लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मी आता काहीतरी बोलेन आणि सगळं नीट होईल, असं त्याला वाटत होतं.

“पेठे, तुम्ही शिकवत होतात ना याला?”

“सुरुवातीला दोन-चार शब्द सांगितले, सर,” मी म्हणालो. “पण हे पुस्तक धड नाही, यातलं काही बोलू नका, असं मी त्यांना पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. साबडे होता तेव्हा. त्यांनी ऐकलं नाही.”

केबिनमध्ये पंखा फिरत होता. साहेबांनी घुलेकडे मान वळवली. “खरं आहे का हे?”

घुलेनं फेटा अजून काढला नव्हता.

“पेठेसाहेब म्हणत्यात तर आसंल,” तो म्हणाला.

हिराओका दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत गेले. मशीन मोरीनं बसवलं. तो दोन आठवडे राहिला. एकदा कँटीनमध्ये जेवताना मी त्याच्याकडे हिराओकांची चौकशी केली. त्याला इंग्रजी बेताचं येत होतं, सावकाश बोलायचा. युद्धात हिराओका एकवीस वर्षांचे होते, ब्रह्मदेशात. त्यांच्या तुकडीत कोणी शरण जायचं नाही असं ठरलेलं होतं. जिवंत पकडला गेलेला माणूस त्यांच्याकडे माणसांत धरला जात नसे. हिराओका पकडले गेले होते. आठ जणांमध्ये ते एकटेच हात वर करून बाहेर आले होते. ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. कंपनीत तर त्यांचा मान असा होता की तरुण मुलं त्यांच्या पुढून चालत नसत.

“मग तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“मी त्यांचे हात बघितले,” मोरी म्हणाला. “हॉटेलवर मी विचारलं. मी विचारायला नको होतं.” मग तो म्हणाला, “त्यांनी राजीनामा पाठवला आहे. त्यांना वाटतं मी सगळ्यांना सांगेन.”

“सांगणार आहात?”

भाताचा घास तोंडात ठेवून मोरी माझ्याकडे बघत राहिला.

घुलेला कामावरून काढलं नाही. त्याला मशीनवरून उठवून पॅकिंगमध्ये टाकलं. गिअर तेलकट कागदात गुंडाळायचे, लाकडी खोक्यात भरायचे, झाकणाला खिळे मारायचे. नवीन मशीन शिकायला जपानला मी जाणार हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोटीसबोर्डावर लागलं. साबडेनं माझं अभिनंदन केलं आणि त्यानंतर माझ्या टेबलाशेजारून आपलं टेबल खिडकीकडे हलवलं. उजेडासाठी, म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी पॅकिंग विभागातून जात होतो. तो रस्ता मी महिनाभर टाळला होता, पण त्या दिवशी स्टोअरची सही हवी होती. घुलेनं मला बघितलं. हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता तो बोलेल. मी तयारीत होतो. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

“साहेब, येक विचारू का?” तो म्हणाला.

“विचारा.”

“त्या वहीत तीनशे बारा शब्द हायेत. त्यातला येक तरी शब्द खरा हाय का?”

हा प्रश्न मी ठरवलेल्या प्रश्नांत नव्हता.

“म्हंजी बघा,” तो पुढे म्हणाला, “आकडे. इची, नी, सान. त्ये तर रेडिओवर बी ऐकू येत्यात. वेळ सांगताना त्या बाई म्हणत्यात. अन् मिझु म्हंजी पाणी. त्या म्हाताऱ्यानं पाणी घेतलं, प्याला. म्हणून इचारतो. जेवढे खरे आसतील तेवढे ठेवीन, बाकीच्यांवर काट मारीन. मंग नव्यानं सुरू करीन. तुम्ही फकस्त खुणा करून द्या.” त्यानं खिशातून वही काढली. सोबत पेन्सिलही होती, टोक केलेली.

त्या वहीत शंभराहून जास्त शब्द खरे होते. आकडे सगळे. अवयव सगळे. नदी, पूल, रस्ता, भात, मीठ, पाणी. घुलेला ते मिळाले असते तर सहा महिन्यांनी, मी परत येईपर्यंत, तो माझ्यापुढे गेला असता. आणि एक दिवस कोणीतरी त्याला विचारलं असतं, की मग त्या बाकीच्या दोनशे शब्दांचे अर्थ तुम्हाला कोणी सांगितले.

मी वही हातात घेतली नाही.

“एकही नाही,” मी म्हणालो.

“आकडे सुदीक?”

“आकडेसुद्धा.”

“पर माझ्या कानानं ऐकलंय, साहेब. रोज.”

“तुमच्या कानाला तसं वाटतं. भाषा शिकलेली नसली की असं होतं. आपण पाठ केलेलंच आपल्याला ऐकू येतं.”

घुलेनं वहीकडे बघितलं. ओठ हलवून त्यानं काहीतरी म्हणून पाहिलं, आवाज न करता. मग मान एका बाजूला कलती करून तो थांबला, लांबून कोणी बोलतंय आणि ते नीट लागत नाही अशा माणसासारखा.

“मंग माझा कानच खोटा,” तो म्हणाला.

मी घड्याळात बघितलं. स्टोअर बंद व्हायला दहा मिनिटं होती.

“बरं झालं इचारलं,” घुले म्हणाला. त्यानं वही खोक्यातल्या तेलकट कागदांच्या खाली, गिअरच्या बाजूला सारली आणि झाकण बसवलं. “उगंच आजून पाठ करत बसलो आसतो.”

मग तो खिळे मारू लागला.